दारापर्यंत

औषधवाल्यांनी खुर्ची ओढली आणि जपून तिच्यावर टेकले. खुर्ची लहान मुलाची होती. गुडघे पार छातीशी आले. समोर दातांच्या डॉक्टरीणबाई तशाच घडी होऊन बसल्या होत्या. चर्चच्या मागच्या या खोलीत मोठ्यांसाठी खुर्च्याच नव्हत्या, आणि मुलांच्या वर्गाबद्दल बोलायचं तर मुलांच्याच खोलीत, असा पाळकसाहेबांचा हट्ट होता.

प्रश्न साधा होता. खोली एक, शिकवणाऱ्या बाई एकट्या, उपासनेनंतर मिळणारा वेळ जेमतेम. मग वर्ग चालवायचा कोणासाठी, लहानग्यांसाठी की वयात येणाऱ्यांसाठी?

"लहानांसाठीच," औषधवाले म्हणाले. "ती ऐकतात, गातात. मोठी हाताबाहेर गेलेली असतात. त्यांच्या मागे कुठे लागता?"

"लहानांना काय, आई उचलून आणते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रश्न आपल्या पायांनी येणाऱ्यांचा आहे."

बाई डब्यात रंगीत खडू लावत होत्या. त्याही लहानांच्याच बाजूच्या, कारण लहानांशी त्यांचं जमायचं. एखाद्याने अडचणीचं काही विचारलं, की बाई त्याच्यापुढे रंगवायला चित्र ठेवत. लहानग्यांना तेवढं पुरे. औषधवाल्यांची मुलगी मात्र चांगली आठवीत होती. आई गेल्यानंतर एका रविवारी तिने वर्गात काहीतरी विचारलं, बाई गडबडल्या आणि सवयीने त्यांचा हात चित्रांकडे गेला. मुलीने चित्रातलं मेंढरू अगदी नीट रंगवून दिलं. त्यानंतर ती वर्गाला आली नाही. बाईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता ती वडिलांबरोबर यायची आणि बाहेर गाडीतच बसून राहायची. "परीक्षा आहे," औषधवाले सांगत. भर सुट्टीतही तिची परीक्षा असे. मंडळी माना डोलावत. सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणी खोदून विचारत नव्हतं. औषधवाल्यांनी स्वतःही तिला कधी विचारलं नाही. गाडीत बसून का होईना, येते. विचारलं तर तेही बंद होईल, या भीतीने त्यांचा जीव मुठीत असायचा.

पाळकसाहेबांना हात वर करून ठरवणं पसंत नव्हतं.

"लहान-मोठं राहू द्या बाजूला," ते म्हणाले. "प्रत्येकाने एक मूल सांगायचं. जो सांगेल त्याने त्या मुलाच्या दारापर्यंत स्वतः जायचं. आजच. वर्ग कोणाचा, ते मग बघू."

"वॉचमनची धाकटी," बाई लगेच म्हणाल्या.

"आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॉलेजला जायला लागल्यापासून घरात कुणाशी बोलत नाही म्हणे."

"मग तुमच्याशी बोलेल?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तोंड न उघडणाऱ्यांची मला सवय आहे."

पाळकसाहेब हसले आणि औषधवाल्यांकडे वळले.

"आमच्या शेजाऱ्यांचा छोटू..." औषधवाल्यांनी सुरुवात केली. छोटू सोयीचा होता. नुकता बोलायला लागलेला, कुणाच्याही कडेवर जाणारा. खिडकीतून गाडी दिसत होती. काचेला टेकलेलं डोकं दिसत होतं. ते थांबले.

"नाही. आमची बबडी."

खडूंच्या डब्यातला बाईंचा हात थांबला.

"पण तिची तर परीक्षा..." डॉक्टरीणबाई बोलून गेल्या.

"परीक्षा नाही," औषधवाले म्हणाले. "नव्हतीच."

ते उठले तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. पाळकसाहेबांनी ती मागून ओढून सोडवली. कुणी हसलं नाही.

गाडीचं दार आतून बंद होतं. त्यांनी काचेवर टकटक केली. बबडीने काच थोडी खाली घेतली.

"संपलं? निघायचं?"

"नाही. चाललंय अजून."

"मग?"

औषधवाल्यांना वाटेत बरंच सुचलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

"बसू का जरा?"

तिने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली आणि दाराचं लॉक काढलं. ते शेजारी बसले. दार तसंच उघडं राहिलं.

"मी आत येणार नाहीये, बाबा."

"नको येऊस."

"आणि आज काय सांगितलंस? परीक्षाच ना?"

"नाही. तू येत नाहीस, असं सांगितलं."

बबडीने कानातले इअरफोन काढले.

"का येत नाही, तेही सांगितलंस?"

"ते मला कुठे माहीत आहे," औषधवाले समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही तुला."

तिकडे मागच्या खोलीच्या खिडकीत बाई येऊन उभ्या होत्या. डबा अजून हातातच होता. बबडीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"दार लाव आधी," ती म्हणाली.

औषधवाल्यांनी दार लावलं.