खिशातल्या ई-सिगारेटची दोन मिनिटं

मी एक ई-सिगारेट. बोलते आहे, पण जरा दमाने घ्या. माझी बॅटरी जुनी झाली आहे आणि खरं सांगायचं तर मीही थकले आहे.

जन्माची गोष्ट सांगण्यासारखी नाही. कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारख्या हजारोजणी पट्ट्यावरून सरकत होत्या, त्यातली मी एक. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते यॉर्कशरमधल्या हॅडरबी गावात, औषधांच्या दुकानामागच्या एका लहानशा खोलीत. सिगारेट सोडू पाहणारे लोक तिथे राझिया नावाच्या नर्सला भेटायला येत. त्या दिवशी तिच्यासमोर नेव्हिल हर्स्ट बसला होता. वय सदुसष्ट, आणि पन्नास वर्षं रोज वीस सिगारेटी.

राझियाने त्याला एका यंत्रात फुंकर मारायला लावली. धुराचं विष अंगात किती भिनलंय ते त्यावर दिसतं. आकडा आला सव्वीस.

"न ओढणाऱ्याचा किती येतो?" नेव्हिलने विचारलं.

"दोन, फार तर तीन."

"म्हणजे मी पुष्कळच पुढे आहे की."

राझिया हसली नाही. तिने मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मिस्टर हर्स्ट, हे काही अमृत नाही. सिगारेटपेक्षा कमी वाईट, एवढंच. हिच्या आधाराने आधी सिगारेट सोडा, आणि मग हिलाही सोडा."

त्याने मान डोलावली, पण ऐकलं अर्धंच. नेव्हिल नेहमी अर्धंच ऐकतो, हे मला पुढे त्याच्या बायकोकडून, बेरिलकडून कळलं.

तो सिगारेट सोडायला निघाला होता तो तब्येतीसाठी नव्हे. हॅडरबीची कोळशाची खाण कधीच बंद पडली, पण खाणकामगारांचा पितळी वाद्यांचा बँड अजून चालू आहे. दर नोव्हेंबरात एका रविवारी सगळं गाव युद्धात गेलेल्यांच्या स्मारकापाशी जमतं. नेव्हिल कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या पितळी तुतारीवर, निरोपाची धून वाजवतो. मग दोन मिनिटं गाव हात खाली सोडून, मान झुकवून गप्प उभं राहतं, आणि त्यानंतर तोच उठवणीची, सैनिकांना पहाटे जागं करणारी धून वाजवतो. त्याच्या आधी हे काम त्याच्या बापाकडे होतं. मागच्या वर्षी शेवटच्या लांब सुरावर नेव्हिलचा दम संपला. सूर तुटला आणि गावाने ऐकला तो त्याचा खोकला.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण गावसमितीचा निरोप आला, यंदा जमणार नसेल तर स्पीकरवर रेकॉर्ड लावू.

"रेकॉर्ड लावणार म्हणे," दाढी करताना तो आरशाशी पुटपुटायचा. मी स्वतः यंत्र आहे, पण मलाही ते ऐकून वाईट वाटायचं.

तर मी कामाला लागले. काम सोपं नव्हतं हो. सिगारेट पाच मिनिटांत जळून जाते, सुटते बिचारी. मला कुठलं मरण? उठल्या उठल्या मी, चहाआधी मी, चहानंतर मी. बागेत बटाटे खणताना तोंडात मी. टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला की माझ्या आतली तार तापून तापून लाल व्हायची.

"आधी निदान पाकीट तरी संपायचं," बेरिल म्हणायची. "ही बया संपतच नाही."

बँडच्या तालमीत तर विचारूच नका. ट्रॉम्बोन वाजवणारा क्लाइव्ह म्हणजे नेव्हिलचा शाळेपासूनचा मित्र. नेव्हिल आत शिरला की तो ओरडायचा, "सरका रे, इंजिन आलं." मग माझ्या वाफेचा गोडसर वास हुंगायचा. "आणि आज डब्यात कस्टर्ड आहे वाटतं."

"तुझ्या सिगारेटच्या वासापेक्षा बरं," नेव्हिल म्हणायचा आणि खिडकीपाशी जाऊन मला आणखी एकदा ओढायचा.

पण काही म्हणा, माझं श्रेय मी सोडणार नाही. सप्टेंबरात राझियाच्या यंत्रावर आकडा आला तीन. सकाळचा खोकला गेला. जिना तो न थांबता चढू लागला. लांब सूर आता शेवटपर्यंत टिकत होता. सिगारेटला त्याने सहा महिने हात लावला नव्हता.

अडलं होतं ते हाताशी. तो हात दर घटकेला माझ्याकडे यायचा.

"नेव्हिल," बेरिलने एकदा विचारलं, "त्या दोन मिनिटांत काय करणार आहेस? गावादेखत वाफ सोडणार?"

"तिला घरी ठेवून जाईन."

ठेवली कसली. त्या रविवारी बूट चमकवण्याच्या, बँडची पदकं लावण्याच्या गडबडीत त्याने मला सवयीने कोटाच्या खिशात टाकलं. रात्री चार्जिंगला लावायचं मात्र विसरला होता.

निरोपाची धून सुरू झाली. मी खिशात, अंधारात. शेवटचा सूर निघाला, लांबला, लांबतच गेला, आणि कुठेही न तुटता हळूच थांबला. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

मग शांतता. पहिलं अर्धं मिनिट जातंय न जातंय तोच त्याचा हात खिशात आला. बोटं माझ्याभोवती घट्ट आवळली. घामाने ओली होती. मी ओढली गेले की आतून चर्र आवाज होतो. त्या शांततेत तो पार चर्चच्या दारापर्यंत गेला असता. मी मनात म्हणत होते, नको रे बाबा, आज नको. त्याने मला बाहेर काढलं नाही. मग हात आपणच सैल झाला आणि निघून गेला. उठवणीची धून त्याने वाजवली, आणि ती ऐकून माणसं ताठ उभी राहिली.

नंतर खाणकामगारांच्या क्लबच्या मागच्या अंगणात बँडवाले सिगारेटी ओढायला जमले. क्लाइव्हने पाकीट पुढे केलं. त्याचे डोळे ओले होते.

"घे लेका. आज कमावलीस. तुझ्या बापानेही असं वाजवलं नव्हतं."

मित्र प्रेमाने देतो ना, तीच सिगारेट सगळ्यात वाईट. नेव्हिलने घाईघाईने मला काढलं, ओढलं. माझा दिवा तांबडा लुकलुकला आणि विझला. आठ महिने राबले आणि नेमक्या वेळी दगा दिला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग क्लाइव्हच्या पाकिटाकडे. मग दोन्ही हात खाली सोडून, मान झुकवून नुसता उभा राहिला.

"काय झालं रे?" क्लाइव्ह घाबरला.

"मघाशी दोन मिनिटं थांबलो ना," नेव्हिल खालमानेनेच म्हणाला, "अजून दोन थांबून बघतो."

क्लाइव्हने पाकीट खिशात घातलं आणि तोही शेजारी उभा राहिला.

त्याला आता तीन महिने झाले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, कॉर्नेटच्या तेलाच्या बाटलीशेजारी पडून असते. आधी मला दिवसातून चारदा हात लागायचा, मग एकदा. गेल्या आठवड्यात एकदाही नाही. तलफ आली की नेव्हिल चहाच्या किटलीपुढे हात खाली सोडून, मान झुकवून उभा राहतो.

काल बेरिल भांडी पुसता पुसता थांबली. "आता ही शांतता कुणासाठी?"

त्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिच्यासाठी. अजून गेली नाही, पण चाललीय. चांगली होती बिचारी."

बेरिल हसली नाही. तिने फडकं खाली ठेवलं आणि त्याच्या बाजूला उभी राहिली.

तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी गेलंच, तर एवढं करा. मला चार्जिंगला लावू नका. आणि तो किटलीपुढे मान खाली घालून उभा दिसला, तर हाक मारू नका. त्याची दोन मिनिटं पुरी होऊ द्या.