नऊ क्रियापदांचा पलंग

"मेक द बेड!" सिस्टर म्हणाल्या.

"आय ॲम मेकिंग द बेड!" बावीस जणी एका सुरात ओरडल्या. हात मात्र एकीचाही हलला नाही. हलणार कसा? वर्गात पलंगच नव्हता. त्याच्या जागी आठ नव्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून पलंगाचं रंगीत चित्र पडलं होतं. चित्राखाली क्रियापदांची यादी.

"पलंग कुठाय?"

"बाहेर, जिन्यापाशी," पहिल्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही रजेवर गेलात त्याच दिवशी सरांनी काढायला लावला."

नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सिस्टरांनी दहा दिवस रजा घेतली होती. नेमके तेच या तुकडीच्या प्रात्यक्षिकाचे दिवस होते. इस्पितळात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर गेली सहा वर्षं त्या या क्लासमध्ये शिकवत होत्या. परदेशातल्या वृद्धाश्रमांत कामाला जाणाऱ्या बायकांना कामापुरतं इंग्रजी यायला हवं, एवढंच काम. त्यांनी पहिल्याच आठवड्यात व्याकरणाचं पुस्तक कपाटात टाकलं आणि इस्पितळाने मोडीत काढलेला लोखंडी पलंग मागून आणला. नाम एकच, बेड. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं नऊ. मेक म्हटलं की सुतारासारखा पलंग बनवायचा नाही, चादर घालायची. स्ट्रिप म्हटलं की चादरी उतरवायच्या. रेज आणि लोअर म्हणजे पलंग वर-खाली करायला दांडा फिरवायचा. लॉक म्हणजे चाकांचे ब्रेक पायाने दाबायचे. नियम एकच होता. शब्द तोंडातून निघेल त्याच क्षणी हात नाहीतर पाय हलला पाहिजे. आधी बोलली ती बाद, मागाहून बोलली तीही बाद.

"नुसतं बोलायला पोपट स्वस्त पडतो," त्या म्हणत. "त्याला विमानाचं तिकीट लागत नाही."

आज त्यांना विनोद सुचत नव्हता. परवा सकाळी चिमणीचा फोन आला होता. मागच्या तुकडीतली सगळ्यांत हुशार मुलगी, बोलायला सुरुवात केली की थांबायची नाही, म्हणून चिमणी. परवा तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं.

"सिस्टर, मी म्हटलं होतं हो. आय ॲम लॉकिंग द बेड. मोठ्याने म्हटलं. आजोबा 'थँक यू' पण म्हणाले. आणि माझा पाय... पाय गेलाच नाही ब्रेकवर. ते उठायला गेले आणि पलंग सरकला."

म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चिमणीला परत पाठवत होते.

मागच्या तुकडीच्या वेळी वर्गाला रंग द्यायचा म्हणून तीन आठवडे पलंग बाहेर होता. सर म्हणाले, "या वेळेपुरतं तोंडी घ्या." सिस्टरांनी घेतलं. चिमणीच्या प्रमाणपत्रावर 'प्रात्यक्षिक पूर्ण' या शब्दांखाली सही त्यांचीच होती. फोन ठेवल्यावर त्या भांडी घासायला बसल्या. डोळ्यावर पट्टी बांधलेला नवरा आतून म्हणाला, "अगं, डोळा एक बंद आहे माझा. कान दोन्ही चालू आहेत." त्यांनी पातेलं आणखी जोरात आपटलं.

आता त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या. सर पूर्वी पंखे विकायचे, आता क्लास चालवत. त्यांच्यापुढे प्रमाणपत्रांचा गठ्ठा तयारच होता.

"बरं झालं आलात. बावीस सह्या आणि तुमचा नोंदणी क्रमांक. उद्या सकाळी कागद जायचेत."

"चाळीस तास प्रात्यक्षिक असं लिहिलंय यात. या मुलींनी पलंगाला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"सिस्टर, परीक्षा तोंडी असते. पलंग काय बोलतो? नुसती जागा अडवतो."

"चिमणीचं कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. वाईट झालं." सरांनी टोपण काढून पेन पुढे केलं. "पण ती तिची चूक. आपण शब्द शिकवला होता की नाही? शिकवला होता."

सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. बत्तीस वर्षांत त्यांनी डॉक्टरांचा आरडाओरडा ऐकला होता, नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण इतक्या शांतपणे कुणी हात झटकलेले त्यांनी पाहिले नव्हते. आणि त्या झटकलेल्या हातांत त्यांची स्वतःची सही होती.

"शब्द आपण शिकवला," त्या म्हणाल्या. "पाय शिकवायचा राहिला. तो मी राहू दिला. आता नाही."

गठ्ठा उचलून त्या बाहेर पडल्या.

"अहो, पाच वाजता भंगारवाले येतायत पलंग न्यायला!" मागून सर ओरडले.

तेव्हा अकरा वाजले होते.

वर्गात मात्र सिस्टरांच्या बाजूने कुणी नव्हतं. मोठी म्हणून जिला सगळ्या हाक मारत ती, दोन लेकरांची आई, उभी राहिली. "सिस्टर, घरच्यांशी भांडून आलेय मी इथवर. नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नाही. कागद उद्या गेले नाहीत तर माझी जागा दुसरीला जाईल. करा ना सही. तिथे गेल्यावर शिकू की."

"कुणाच्या हाडांवर शिकशील?"

मोठीचाही पारा चढला. "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमची पेन्शन चालू आहे!"

"चालू आहे," सिस्टर म्हणाल्या. "म्हणूनच मला घाबरायचं कारण नाही. ऊठ. पहिली तूच चल."

जिन्यापाशी पलंगावर रिकामी खोकी रचलेली होती. सिस्टरांनी ती दणादण खाली फेकली. पिशवीतून घरची चादर काढली. वर्गात वापरायला त्या नेहमी आपलीच आणत. मोठी चादर घालू लागली, बोलू लागली. तोंड पुढे धावलं, हात मागे राहिले.

"बाद. पुन्हा."

चौथ्या खेपेला मोठीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहाव्या खेपेला तिचा पाय आणि शब्द एकाच वेळी ब्रेकवर पडले. खट् असा आवाज झाला. ती स्वतःच दचकली. सिस्टरांनी जिन्याच्या पायरीवर कागद ठेवून सही केली.

जेवायला कुणी गेलं नाही. सर दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. पाच वाजता दोन भंगारवाले आले तेव्हा एकोणीस सह्या झाल्या होत्या. त्यांनी पलंगाला खांदा लावला. पलंग हलला नाही. सिस्टरांचा पाय ब्रेकवर होता.

"तीन राहिल्यात," त्या म्हणाल्या.

"मावशी, टेम्पो खाली उभाय हो."

"उभाच आहे ना? थकलास तर आडवा हो. मला पेशंट हवाच आहे."

दुसरा खो खो हसला. पहिला संकोचत पलंगावर आडवा झाला. "बूट काढू का?"

"काढ. चादर माझी आहे."

चष्मेवाली शेवटची होती. तिने ब्रेक लावला, त्या दांडग्या माणसाला अलगद कुशीवर वळवलं, दांडा फिरवून पाठीमागचा भाग वर केला, प्रत्येक शब्दाबरोबर. बाविसावी सही झाली. भंगारवाला उठेना. "झालं? माझ्या आईला असं कुणी वळवलं नाही हो," तो म्हणाला आणि बूट शोधू लागला.

सरांनी गठ्ठा घेतला, सह्या मोजल्या. "कागद उद्या जातील. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका."

"मी विचारलंय कुठे?"

सिस्टरांनी चादर उतरवली. चार टोकं जुळवून घडी घातली, पिशवीत ठेवली. बावीस जणी भिंतीला टेकून बघत होत्या. एरवी याच वेळी त्यांनी वर्गाकडून शब्द वदवून घेतला असता. आज त्यांनी तोंड उघडलं नाही. वाकून, कमरेला हात लावत, पायाने एकेक करून चारही ब्रेक सोडले आणि पलंगाला भंगारवाल्यांच्या दिशेने स्वतःच हलका धक्का दिला.