पाठ नसलेला कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो, आणि तोही अर्धा. समोरून बघाल तर काळाभोर, चकाकत्या कॉलरचा, आत पांढरा शर्ट, गळ्याशी बो. मागून बघाल तर काहीच नाही. दोन पट्ट्या आणि थोडे चिमटे. हेमलॉक बे गावात सरोवराकाठी लॉयड स्टेनरचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या खुंटीवर मी राहतो. शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणारा प्रत्येक मुलगा उन्हाळ्यात इथे येतो, मला छातीवर अडकवतो आणि शाळेच्या वार्षिक पुस्तकासाठी फोटो काढून घेतो. त्या पुस्तकात सगळे मुलगे काळ्या कोटातच हवेत, असा नियम आहे. कोट एक, मुलगे गावभरचे.

मला शिवणाऱ्यांनी पाठ दिली नाही, कारण ती कॅमेऱ्याला दिसत नाही. मुलगा जाडा असो की काटकुळा, मागून चिमटे ओढले की झाला साहेब. सुरुवातीला मला याचा अभिमान होता. आया डोळे पुसत म्हणायच्या, "केवढा मोठा दिसतोस रे." मी फुगायचो. आता फुगत नाही. लॉयड मला धूत नाही, अत्तर मारतो. "समोरचंच दिसतं," असे म्हणून तो बगलेतला घाम आत ढकलतो. कोण घाबरून घामेजला आणि कोण धावत आला म्हणून, हे मी वासावरून सांगेन. मला कोणी विचारत नाही.

मी रागावलेला आहे, आणि त्याला कारण आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी वेड किवेला नावाचा मुलगा माझ्यात आला होता. चिमटे लागताच त्याने आरशात बघितले आणि विचारले, "हा कोट आहे की स्वयंपाकाचा एप्रन?" आणि असा हसला की मी त्याच्या पोटावर उड्या मारू लागलो. "हसू नकोस, नाक फेंदारतं," लॉयड म्हणाला. वेडने ओठ मिटून घेतले. फोटो निघाला तो एका गंभीर, अनोळखी माणसाचा. त्याच वर्षी शिकारीच्या दिवसांत, पहिल्या बर्फावर वेडचा ट्रक घसरून झाडांत गेला. चर्चमध्ये शवपेटीशेजारी ठेवायला तोच फोटो होता. म्हणजे चौकटीतून मीही हजर होतो. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खाता खाता लोक कुजबुजले, "हा वेड वाटतच नाही." ते त्याच्या आईने, डोरीनने, ऐकले.

या ऑगस्टमध्ये ती धाकट्याला, अर्लोला, घेऊन आली. पुस्तकातला फोटो सोडला तर बाकीचे फोटो ज्याच्या त्याच्या आवडीच्या कपड्यांत काढतात. डोरीनने पिशवी उघडून टेबलावर मांडले: लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट, हॉकीची जर्सी, शिकारीचे नारिंगी जॅकेट.

"आधी कोणतं?" तिने विचारले.

"आई, हे सगळं दादाचं आहे."

"तुला होतं आता. खांद्यात जरा ढगळ, बस्स."

"मी शिकारीला जातो तरी का? बंदूक वाजली की मी आणि कुत्रा, दोघंही पलंगाखाली."

"एकच फोटो रे. नारिंगी जॅकेटात. त्याचा तसा धड एकही नाही माझ्याकडे."

"मग तो माझा नाहीच ना."

लॉयडला मध्ये तोंड घालायची हौस. "झकास दिसेल. लाकडी बंदूक देतो हातात, आहे माझ्याकडे."

मला तिघांचाही राग आला. लॉयडचा, कारण एका मुलाचे हसू त्याने पुसले होते आणि आता दुसऱ्याच्या हातात खेळणे देत होता. डोरीनचा, कारण एका पोराच्या फोटोतली चूक ती दुसऱ्याच्या अंगावर दुरुस्त करू बघत होती. आणि अर्लोचा, कारण तो खुंटीकडे आला आणि मला ओढून म्हणाला, "हाच घालतो. सगळ्या फोटोंत. हा निदान कुणाचाच नाही."

मला झोंबले. इतकी वर्षे गावाची छाती झाकली, आणि मी कुणाचाच नाही.

डोरीनचे ओठ आवळले गेले. लॉयड कॅमेऱ्याकडे वळला. "डोरीन, तेवढे मागचे चिमटे लाव."

ती मागे गेली. चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. पाठीवर माझे कापड नसते, त्यामुळे तिथे अर्लोचा रोजचा टी-शर्ट उघडाच होता. तो ज्या दुकानात मासे धुरी देऊन वाळवायच्या कामाला जातो, तिथला. धुराचा वास मलाही येत होता. त्यावर एक पांढरा मासा चितारलेला होता, वाकलेला, निसटण्याच्या बेतात.

"हा कुणी काढला?"

"मी."

"कधी?"

"मागच्या हिवाळ्यात. दुकानवाल्या हालोनेनकाकांनी सगळ्यांसाठी छापून घेतला. तुला दाखवला होता की. तू छान म्हणालीस."

"मी बघितला होता?"

"नाही," अर्लो म्हणाला. "छान म्हणालीस."

डोरीनने त्या माशावरून एकदा बोट फिरवले. मग तिने चिमटे एकेक करून लावले, हळू, मुलाला चिमटा बसू नये अशा बेताने. लॉयडने पुस्तकाचा फोटो काढला.

"आता कोट काढ," डोरीन म्हणाली, "आणि याचा पाठीकडून फोटो घे."

"पाठीकडून?" लॉयड हसला. "पाठीला चौकट कोण करतं, बाई?"

"मी करते."

अर्लो पाठमोरा उभा राहिला. डोरीन नारिंगी जॅकेटाची घडी घालत होती. ते नाकाशी धरून ती म्हणाली, "तुझ्या माशांच्या धुरानं दादाचं जॅकेटही बाटवलं रे." अर्लोने खांद्यावरून मागे बघितले आणि तो हसला. अगदी वेड हसला होता तसा, नाक फेंदारून. या वेळी लॉयड काही बोलायच्या आत बटण दाबले गेले होते.

मला लॉयडने खुंटीवर फेकले, धुतले नाहीच. माझा राग गेलेला नाही, मित्रांनो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. माझे मागणे एवढेच: मला एकदा धुवा, आतून. आणि कुणा पोरासाठी कपडे निवडायला बसाल, तेव्हा आधी त्याच्या मागे जाऊन उभे राहा. त्याने आज काय घातले आहे ते वाचा. मला पाठ नाही. त्याला आहे.