सलग तीन चुका

परीक्षेच्या खोलीत गेलेली मुले इतक्या लवकर सुटतात कशी, हा प्रश्न पहिलीच्या शिक्षिका ग्लेंडा ऑस्टबी यांना पडला, तोवर निम्मा वर्ग मैदानावरच्या झोक्यांवर पोचला होता.

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात साखरेच्या बिटाची काढणी सुरू झाली की शाळेत मुलांच्या हुशारीची मोजणी सुरू होई. जिल्ह्याकडून आलेले प्रुइट सर एकेकाला समोर बसवून फेब्रुवारीत शिकवायची वजाबाकी आणि घड्याळ सप्टेंबरातच विचारत. जे शिकवलेले नाही ते येत नाही, हे ठरवायला परीक्षा कशाला लागते, असे बाईंनी पूर्वी एकदा विचारले होते. उत्तरादाखल त्यांना माहितीपत्रक मिळाले.

सलग तीन उत्तरे चुकली की परीक्षा थांबे, आणि सुटलेले मूल मैदानावर जाई.

दुपारी निकाल लागला. "अख्खा वर्ग तळाला, बाई," प्रुइट सर म्हणाले. "सोमवारपासून यांची मधली सुट्टी बंद. त्या वेळात जादा सराव."

 सहा वर्षांच्या मुलांची ती सुट्टी गेली, तर दुपारनंतर त्यांना काहीही शिकवणे अशक्य होते.

"सर, त्याआधी एकच गोष्ट बदलून पाहू. उद्या गणिताच्या तासाला परीक्षा घ्या. सुटलेल्यांनी मैदानावर नाही, वर्गात येऊन बेरजा करायच्या."

"त्यानं काय फरक पडणार?"

"नाही पडला तर सुट्टी खुशाल बंद करा. मी चकार शब्द काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी परीक्षेला सगळ्यांत आधी गेली ती वर्गातली ट्रूडी. तास सरत आला तरी तिचा पत्ता नाही, म्हणून बाई डोकावल्या. दोन उत्तरे चूक, एक बरोबर. पुन्हा दोन चूक, एक बरोबर. प्रुइट सरांचा चेहरा घामेजला होता.

"ट्रूडी, मघाशी घड्याळ बरोबर सांगितलंस. आता का चुकलीस?"

"येतं ते पुरवून पुरवून वापरायचं, सर. नाहीतर बेरजा कराव्या लागतात."

"पण घड्याळ शाळेत अजून शिकवलेलंच नाही!"

"म्हणून तर येतं. बाबा साखर कारखान्यातून कधी येणार, ते बघायला लागतं ना."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल बाहेर झोके मोकळे होते," ट्रूडी समजुतीच्या सुरात म्हणाली. "मीच सगळ्यांना सांगितलं, तीनदा चुका की सुटलात. रॉस्को तर बावळटच. प्रत्येक प्रश्नाला 'गाय' म्हणाला."

प्रुइट सरांनी कालचा कागद काढला. रॉस्कोच्या नावापुढे 'गंभीर' असा शेरा होता.

"बाई, यातला खरा निकाल कोणता?"

"काल तुम्ही झोक्यांची ओढ मोजलीत, आज बेरजांचा कंटाळा. दोन्ही मापं अगदी अचूक आहेत. वजाबाकीचं विचाराल, तर ती मी फेब्रुवारीत शिकवते. मार्चमध्ये या."

"वरिष्ठांना काय सांगू?"

"जे पाहिलंत ते."

 सुट्टी बंद करण्याच्या शिफारशीवर आडवी रेघ मारून सरांनी खाली सही केली.

बाईंनी ती सही नीट पाहून घेतली, आणि शिपायाची वाट न पाहता सुट्टीची घंटा स्वतःच वाजवली.