राणीला दुखत नाही

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघे धरून आलेल्या बायका, कमरेला पट्टा बांधलेले म्हातारे, दोघे तर चाकाच्या खुर्चीत. मंचावर सारंगनाथ महाराज आणि शेजारच्या पाटावर सात वर्षांची राणी, हिरव्या परकर-पोलक्यात.

महाराजांनी तिच्या दंडावर भस्म चोळलं आणि पोती शिवायचा दाभण उचलला.

"वेदना म्हणजे मायेचा कचरा. माझं भस्म तो झाडून काढतं. डॉक्टर झोपेची गोळी देतात, मी जागेपणी मोक्ष देतो."

त्यांनी दाभण तिच्या दंडात खुपसला. रक्ताचा थेंब आला. राणीने जांभई दिली.

सगळ्यांचे हात जोडले गेले. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मी राणीची आत्या, शिवानी. एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. मला तेव्हा राग आला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. आमच्या घरात बऱ्याच वर्षांपासून कुणालाच फारसं काही वाटत नव्हतं. राणीच्या आधीचा तिचा भाऊ सम्यक दीड वर्षाचा असताना मे महिन्यात तापाने गेला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. का गेला हे कुणी सांगितलं नाही, आणि राणीचा बाप, माझा थोरला भाऊ अमरदीप, विचारेनासा झाला. पुढे राणीने एकदा चुलीवरच्या भांड्याला हात टेकला. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा वहिनीला कळलं. महाराज म्हणाले, एक लेकरू नेलं म्हणून देवीने दुसऱ्यात वास केला. दादाने ते धरून ठेवलं. बुद्धाचा फोटो असलेल्या घरात भस्माची पुडी आली, तरी मी गप्प राहिले.

मंचावरून उतरताना राणीचा उजवा पाय तिरका पडत होता. घोटा सुजला होता.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"कुठे पडलीस?"

"माहीत नाही, आत्या."

मी दादाला म्हटलं, "हिला एक्स-रेचा फोटो काढायला नेते."

"नक्को शिवा. महाराज म्हणतात, डॉक्टरला दाखवलं की शक्ती जाते."

"मग जाऊ दे की."

तो रिक्षात येऊन बसला.

फोटोत घोट्याचं हाड मोडलेलं दिसलं. ते ताजं होतं. त्याच पायात आणखी दोन हाडं कधीतरी मोडून, वाकडी जुळून आली होती. ती मोडल्याचं घरात कुणाला माहीतच नव्हतं. रोज चाळीस फोटो काढते मी. त्या दिवशी पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला मला वेळ लागला.

डॉक्टर मॅडमनी प्लास्टर घातलं. मग राणीचे डोळे बांधून तिच्या एका हातात बर्फाची पिशवी दिली, दुसऱ्यात कोमट पाण्याची. "थंड कुठली?" राणी म्हणाली, "दोन्ही सारख्याच." मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं आणि उन्हात नेऊ नका म्हणून बजावलं.

महिन्याने अहवाल आला. मॅडमनी कागदावर पेशी काढून समजावलं. वेदना आणि ऊब-गारवा कळवणाऱ्या नसा आईच्या पोटात वाढतात. त्यांना जगवणारं एक प्रथिन शरीर तयार करतं. ते पकडून 'जगा, वाढा' हा निरोप पेशीच्या आत पोचवणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, नसांच्या पेशींवर असतो. तो कसा बनवायचा हे एनटीआरके-वन नावाच्या जनुकात लिहिलेलं असतं. राणीच्या दोन्ही प्रतींमध्ये, आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या, चूक होती. निरोप पोचला नाही, त्या नसा जगल्या नाहीत. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्याही नाहीत, म्हणून घाम येत नाही आणि अंग तापत जातं.

"तुम्हा आई-बापांत एक-एकच प्रत बिघडलेली, म्हणून तुम्हाला त्रास नाही. नवरा-बायको नात्यातले का?"

"हौ. मामाची मुलगी," दादा म्हणाला.

"मग दोघांकडे तीच चूक असायची शक्यता वाढते. दोष कुणाचा नाही."

दादाने कागद स्वतःकडे ओढला. "सम्यकला पण हेच होतं?"

"तपासणी झाली नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण तसंच वाटतं."

"ओल्या फडक्याने वाचला असता?"

"कदाचित," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दादा मंगल कार्यालयात गेला. मी बरोबर होते. महाराज सांगत होते की बालदेवी राणी तपाला बसली आहे. दादा मंचावर चढला, ताटातलं भस्म स्वतःच्या हाताला चोळलं आणि दाभण उचलून टोचून घेतला. हात झटक्याने मागे आला.

"दुखलं," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "दुखलं मला."

"तुझी श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"माझी मुलगी जन्मापासून अशी आहे. तुम्हाला पहिल्याच दिवशी मी हे सांगितलं होतं. तेव्हा कुठे होतं तुमचं भस्म?"

महाराजांनी माईक बंद करायला सांगितलं. दादा माईकशिवाय बोलला. पायाचे फोटो त्याने वर धरले, मोडलेलं हाड बोटाने दाखवलं. सम्यकबद्दल सांगताना तो रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. अर्धे लोक उठून गेले. अर्धे बसून राहिले, हेही खरं आहे.

यावर औषध नाही. रोज शाळेतून आल्यावर राणीचे तळवे, गुडघे, जीभ बघायची. उन्हाळ्यात ओला टॉवेल जवळ ठेवायचा. जेवण फार गरम नाही ना, हे आधी दुसऱ्याने चाखून बघायचं. यातलं बरंचसं ती आता स्वतः शिकते आहे.

कुणाच्या घरी पडूनही न रडणारं, तापातही न घामेजणारं मूल असेल, तर त्याच्या पाया पडू नका. त्याचे पाय उचलून नीट बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.