पट्ट्या की कॅन

"पट्ट्याच द्या," थोरली सून म्हणाली आणि लगेच पिशवीचं तोंड उघडलं.

प्रयोगशाळेतली बाई मात्र चिवट. तिने पुन्हा समजावलं. कागदाच्या पट्ट्या दिवसातून चार वेळा लघवीत भिजवून वाळवायच्या, काम सोपं, पण त्यातून नुसता अंदाज येतो. डॉक्टरांना हवं ते प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून नीट कळतं. सकाळची पहिली लघवी टाकायची, मग दुसऱ्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन् थेंब कॅनमध्ये आणि कॅन फ्रीजमध्ये. चेहऱ्यावरची सूज, अंगावरचे काळेनिळे डाग, शिलाई मशीनवर थरथरणारे हात, हे सगळं मूत्रपिंडावरच्या ग्रंथीमुळे असेल तर उपाय आहे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या थोरलीला आपले हात परत हवे होते, बस्स.

अडचण फ्रीजची होती. घरात फ्रीज एकच, तोही धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात थोरली रागाच्या भरात धाकटीला बोलून गेली होती, की तू त्यांच्या बेडपॅनला बोटसुद्धा लावलं नाहीस. तेव्हापासून दोन चुली आणि मध्ये अबोला. आता कोणत्या तोंडाने तिच्या फ्रीजमध्ये जागा मागायची?

बाईने पट्ट्या आणि कॅन दोन्ही दिलं, घरी जाऊन ठरवा म्हणाली. थोरलीने नवऱ्याला फ्रीजची अडचण सांगितली. त्याच्या पोटात काही राहत नाही. एरवी या खोडीपायी ती त्याला फाडून खायची.

सकाळी ती पट्टी हातात घेऊन बाथरूमकडे निघाली, तर धाकटी दारात उभी.

"ताई, कॅन काढा. फ्रीज रिकामा केलाय."

"अगं, सगळा कशाला?"

"खायच्या वस्तूंशेजारी तुम्ही ठेवला नसतात. ओळखते मी तुम्हाला. आणि नुसता अंदाज घेऊन काय करायचंय?"

दिवसभर धाकटी बाथरूमच्या दाराशी यायची, थरथरत्या हातातून कॅन घ्यायची, झाकण घट्ट लावायची आणि घेऊन जायची. तोंड वाकडं नाही की नाकाला पदर नाही. संध्याकाळी थोरलीला राहवलं नाही.

"मी तुला तेव्हा नको ते बोलले."

धाकटी झाकण लावत राहिली. "खोटं नव्हतं ते. मला जमलंच नाही, ताई. त्यांना तसं बघून भीती वाटायची."

थोरलीला रडू आलं. देवाने आपल्याला बहीण दिली नाही, असं ती आजवर म्हणत आली होती.

दुसऱ्या सकाळी शेवटची लघवी कॅनमध्ये गेली आणि धाकट्या दिराने कॅन प्रयोगशाळेत पोचवला. उत्तर यायला अवकाश होता. धाकटीच्या ओट्यावर रात्रभर बाहेर राहिलेलं दूध नासलं होतं. तिने ते गुपचूप मोरीत ओतलं आणि चहाचे दोन कप भरले.

"कोराच घ्या आज."

थोरलीने दोन्ही हातांनी कप धरला, तरी थोडा चहा सांडला. कोरा चहा तिला जन्मात आवडला नव्हता. तो संपवून तिने आणखी मागितला.