बर्नार्डच्या शेजारी डबा

ॲडेलिनवहिनींच्या १९९६ सालच्या पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. त्यांचा नवरा बर्नार्ड शारजात हार्ट अटॅकने गेला आणि इथेच त्याला पुरलं. वहिनींना वसईहून येता आलं नाही. पत्रात शेवटी त्यांनी विचारलं होतं, "तिथे तो एकटा पडलेला नसतो ना? खरं लिहा."

ऑफिसातल्या अर्ध्या लोकांची पत्रं मी लिहून द्यायचो, पण हे जमेना. कारण खरं असं होतं, की आम्ही त्याच्या कबरीजवळ पिकनिक करत होतो.

सुरुवात त्याच्या गावच्या फ्रेडीने केली. पहिल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मेणबत्त्या लावून झाल्यावर त्याने चटई अंथरली आणि बोंबलाच्या चटणीचा डबा उघडला. मी अवघडलो. आमच्याकडे स्मशानातून आलं की आधी आंघोळ, मग घरात पाऊल. पण ऑफिसात बर्नार्ड रोज अर्धा डबा माझ्याकडे सरकवायचा, तेही आठवलं.

"वासुदेवभाऊ, तुम्ही विचार करत बसा," फ्रेडी म्हणाला. "तोवर बर्नार्ड तुमच्या वाटचं संपवील."

मी जेवलो. मग थंडीतले सगळे सुट्टीचे शुक्रवार तिथेच. राखणदार हारुन चहाला यायचा. एकदा आम्ही इतके हसलो, की शेजारच्या कबरीवर आलेल्या बाईंनी वळून पाहिलं. जाताना मात्र केक देऊन गेल्या. हे वहिनींना कसं कळवायचं? वाईट वाटलं तर? मी लिहायचो आणि फाडायचो.

२००४ मध्ये माझी साठी झाली, व्हिसा संपला. फ्रेडी आधीच गावी परतला होता. शेवटच्या शुक्रवारी मी एकटाच गेलो. डबा उघडला आणि अर्धा बर्नार्डच्या बाजूला सरकवला. नकळतच. हारुन पाहत होता.

"इनके घरवालों को मालूम है," त्याने विचारलं, "कि यहाँ हर जुम्मे को इनकी दावत होती थी?"

मी नाही म्हणालो. आणि मग तिथेच, चटईवर बसून लिहिलं :

"वहिनी, बर्नार्ड एकटा नव्हता. आम्ही त्याच्याजवळ बसून जेवायचो, मोठ्याने हसायचो. राग आलाच तर माझ्यावर काढा. आता आमच्यातलं कोणी इथे नसेल. शुक्रवारचा चहा इथेच घेईन, असं इथला राखणदार हारुन म्हणतो."

अक्षर थोडं वाकडं आलं होतं. पुन्हा नीट लिहावंसं वाटलं, पण तसंच पाकिटात घातलं आणि घरी जाताना पोस्टात टाकलं.